बड्या दिनाचा खाना आणि आमच्या धुऱ्यावरचा तित्तर

मार्गशीर्ष सरत आला म्हणजे आपल्या वऱ्हाडांत थंडी जोर धरते. ज्वारीचीं कणसें खळ्यावर येतात, तुरीच्या शेंगा भरतात, हरभऱ्यावर आंब उतरते. याच दिवसांत शहरांत नोकरीधंद्यानिमित्त राहिलेले आपले इष्टमित्र नाताळच्या सुटींत गांवीं येतात आणि वर्षअखेरच्या मेजवानीचा बेत करतांना हळूच विचारतात, "काय पाटील, तित्तराची कांहीं सोय होईल काय?" विचारणाऱ्यास हा प्रश्न नवा वाटतो, पण आपल्या जिल्ह्यास तो फार जुना आहे. साहेबाच्या अमदानींत तो दर बड्या दिनाला विचारला जाई, व त्याचें उत्तर पाटील-पटवाऱ्यांस द्यावें लागे. त्या जुन्या खान्याची हकीकत, त्यांतील पाककृति, आणि त्याचा खर्च खरोखर कोणाच्या नांवें पडला याचा हिशेब आम्ही येथें मांडणार आहों. आम्हीं हयात महसूल खात्यांत कारकुनी केली. हिशेबाची खोड अद्याप गेलेली नाहीं, हें वाचकांनीं संभाळून घ्यावें.

मुक्काम आणि रसद

सन १८५३ च्या तहानें निजामाचें वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखालीं आलें. १९०२ त त्याचा कायम पट्टा झाला व १९०३ त तें मध्यप्रांतास जोडलें गेलें. घाटमाथ्यावर सुमारें २२०० फूट उंचीवर वसलेलें बुलढाणें हें थंड हवेचें गांव म्हणून साहेबलोकांस मानवलें व जिल्ह्याचें ठाणें झालें. हिंवाळा लागला कीं डेप्युटी कमिशनर व त्यांच्या हाताखालील अंमलदार दौऱ्यावर निघत. आमराईंत डेरे पडत, राहुट्या उभ्या राहत, आणि घोडीं, उंट, बैलगाड्या, शिपाई, खानसामे असा सारा संसार गांवाच्या वेशीशीं येऊन बसे. नाताळचा सण कधीं बुलढाण्याच्या बंगल्यांत, कधीं अशा मुक्कामावरच साजरा होई. आपले लोक त्यास 'बडा दिन' म्हणत, व त्या रात्रीच्या जेवणास 'बडा खाना'.

या खान्याचा अर्धा सरंजाम विलायती असे. सन १८७० त लॉर्ड मेयो यांनीं खामगांवचा रेल्वेफांटा उघडला. कापसाच्या उलाढालीमुळें त्या पेठेंत गोरे व्यापारीही येऊन राहिले. बेदाणे, सुकीं फळें, डबाबंद मांस, बाटल्या हा माल आगगाडीनें मलकापुरास उतरे व तेथून सुमारें २८ मैलांची वाट आणि घाट चढून बुलढाण्यास पोंचे. जिल्ह्यांतील प्रतिष्ठित मंडळी फळाफुलांची 'डाली' घेऊन सलामास जात. त्यापलीकडे भेट घेऊं नये असा सरकारी नियम होता. परंतु खान्याचा मुख्य पदार्थ आगगाडीनेंही येत नसे आणि डालींतही मावत नसे. तो आपल्या माळावर, नाल्यांत आणि धुऱ्यावर चरत असे.

कोणतीं पाखरें ताटांत जात

इंग्लंडांत नाताळला भाजलेलें हंस-बदक, किंवा ऐपत असेल तर टर्की नांवाचा मोठा पक्षी असावा अशी रूढि आहे. डिकन्स या इंग्रज कादंबरीकाराच्या १८४३ सालच्या नाताळकथेंत या दोन्ही पक्ष्यांस मानाचें पान मिळालें आहे. टर्की हा मूळचा अमेरिकेंतील. हिंदुस्थानांत मोठ्या शहरीं कांहीं लोक तो पाळीत. आडवळणाच्या जिल्ह्यांत तो कोठून मिळावा? म्हणून त्याच्या जागीं साहेबांनीं मोर आणला. मध्ययुगांत इंग्लंडच्या राजेरजवाड्यांच्या पंक्तीला मोर असेच. येथें सातपुड्याच्या पायथ्याशीं व अजिंठ्याच्या डोंगररांगेंत त्याची उणीव नव्हती. परंतु मोर हें कार्तिकस्वामीचें वाहन. गांवकऱ्यांस तो मारलेला खपत नसे. शिकारीस जाणाऱ्या शिपायांना गांवाजवळ मोर मारूं नये अशी ताकीद दिली जाई ती याचसाठीं. ताकीद कितपत पाळली जाई तें मुक्कामावर अवलंबून असे.

दुसरा मोठा पक्षी माळढोक. पूर्ण वाढलेला नर बारा-पंधरा किलो वजनाचा. एका पक्ष्यांत सारी पंगत उठे. याची मादी विणीला बहुधा एकच अंडें घालते. ज्याची वीण इतकी तुटपुंजी तो पक्षी पंगतीस किती वर्षें पुरणार? आज साऱ्या हिंदुस्थानांत माळढोकांची संख्या दीडशेच्या आसपास सांगतात. त्याचा लहान भाऊ तणमोर पावसाळ्यांत गवतावर उड्या मारतो व तेव्हांच सहज नजरेस पडतो. म्हणून तो नाताळपेक्षां श्रावण-भाद्रपदांतच अधिक मारला गेला.

नित्याचा भरणा मात्र लहान पाखरांचा. राखी तित्तर, लावे, तळ्याकांठचे पाणलावे, हिंवाळी बदकें आणि पखुर्ड्या. पखुर्डी ही ठराविक वेळीं थव्यानें पाण्यावर येते, नेम म्हणून चुकत नाहीं. शिकाऱ्यास तेवढें पुरे असे. याच पक्ष्याचा नर पोटाचीं पिसें पाण्यांत भिजवून कोसांवरच्या पिलांस पाणी नेऊन पाजतो, हें आमच्या किती वाचकांस ठाऊक आहे? बिकानेरच्या महाराजांनीं गजनेर येथें व्हाइसरॉयांसाठीं भरविलेल्या नाताळच्या शिकारी याच जातीच्या पाखरांच्या होत. भरतपुरास तर १२ नोव्हेंबर १९३८ रोजीं, लॉर्ड लिनलिथगो पाहुणे असतांना, एका दिवसांत ४२७३ बदकें पडलीं. त्या मानानें आपल्या जिल्ह्याचा मुक्काम म्हणजे गरिबाचा संसार. पण रीत तीच.

हीं पाखरें सारींच बंदुकीनें मिळत नसत. फासेपारधी लोक बारीक फांसांची ओळ झुडपांच्या तोंडाशीं मांडीत, पिंजऱ्यांतला पाळीव तित्तर ओरडवीत, किंवा शिकविलेल्या गाईच्या आडोशानें पाखरें फांसाकडे हळूहळू हांकीत. जिवंत लावे साहेबाच्या खानसाम्यास विकले जात. तो त्यांस ठेंगण्या पिंजऱ्यांत ठेवी. पिंजऱ्याचें छत कापडाचें असे, कारण लावा दचकून सरळ वर उडतो व लांकडी छतावर डोकें आपटून मरतो. बाजरी-राळ्यावर पोसलेले असे लावे सणासाठीं राखून ठेवीत.

खानसाम्याची विद्या

आतां पाकशास्त्राकडे वळूं. कर्नल केनी-हर्बर्ट यांचा १८७८ सालचा ग्रंथ व स्टील आणि गार्डिनर या दोन बायांनीं १८८८ त लिहिलेला गृहव्यवस्थेचा ग्रंथ हीं या बाबतींतलीं नामांकित पुस्तकें. पण खरें शास्त्र खानसाम्याच्या हातांत होतें.

पहिला मुद्दा पाखरू टांगण्याचा. विलायतेंत मारलेलें पाखरू मानेनें टांगून चार-सहा दिवस, कधीं आठवडाभरही ठेवीत. त्यानें मांस मऊ पडतें व त्यास एक उग्र वास येतो, तो त्या लोकांस प्रिय. आपल्या हवेंत हें जमण्यासारखें नव्हतें. बुलढाण्याच्या डिसेंबरांतही एक, फार तर दोन रात्री जाळीच्या कपाटांत वाऱ्यावर टांगीत.

दुसरा मुद्दा कातड्याचा. आपल्याकडे पाखरू सोलण्याची चाल आहे. खानसामा पिसें उपटून कातडें राखीत असे. रानपाखराच्या अंगीं चरबी फार थोडी. कातडें गेलें कीं विस्तवावर मांस लांकडासारखें होतें. म्हणून छातीवर डुकराच्या चरबीच्या पातळ पट्ट्या बांधीत. खानसामा मुसलमान असला तर लोणी चोपडलेला कागद बांधून तो तेंच काम साधी. वरचेवर लोणी सोडीत राहणें हें या भाजण्याचें खरें मर्म.

तिसरा मुद्दा विस्तवाचा. मुक्कामावर भट्टी कोठली? तीन दगडांची चूल, जाड बुडाचें पातेलें, खालीं मंद निखारे आणि झांकणावरही निखारे, एवढ्यावर भट्टीचें काम होई. लाव्यास सुमारें पाव तास, तित्तरास अर्धा तास, मोरास दीड-दोन तास. मोर कोंवळा असेल तरच अखंड भाजावा. जून मोराचें मांस चिवट, तें सूपांत किंवा कणकेच्या पारींत घालून शिजवावें. अखंड मोराच्या पोटांत पावाचा चुरा, चरबी, कांदा, वासाचीं सुकीं पानें व बेदाणे भरीत. पाणलावा मात्र आंतडीं न काढतांच भाजून तोसावर ठेवीत, व तो रस तोसांत मुरला म्हणजे चवीनें खात. ज्याची त्याची रुचि!

भाजलेल्या तित्तराबरोबर पांढरी चटणी असावी असा नियम होता. दुधांत लवंगा टोंचलेला कांदा मंद उकळावा, कांदा काढून पावाचा चुरा घालावा, मीठ-मिरीं टाकून दाट करावें, कीं ती झाली. शिवाय एक आंबटगोड लाल मुरंबा लागे. त्याचें विलायती फळ येथें नाहीं. म्हणून खानसाम्यानें आपल्या लाल अंबाडीच्या बोंडांचा व करवंदांचा मुरंबा त्या जागीं बसविला. आपल्या बांधावरच्या अंबाडीला साहेबाच्या टेबलावर जागा मिळाली ती अशी.

आपली रीत उलट आहे. आपण कांदा-खोबरें भाजून, वाटून, तिखट रस्सा करतों. दोन्ही रीतींमागें ज्ञान एकच: पाखरू कोरडें आहे. ते त्यास लोण्यानें राखीत, आपण रश्शानें.

रकाना नसलेली बाकी

आमचे आजोबा मेहकर तालुक्यांत पटवारी होते. १९३० च्या सुमाराची गोष्ट ते सांगत. बड्या दिनाच्या आधीं चार दिवस मुक्काम आला व रसदीची यादी हातीं पडली: कोंबड्या, अंडीं, दूध, कडबा, सरपण आणि बारा जोड्या तित्तर. आजोबा गळ्यांत तुळशीची माळ घालणारे वारकरी. तरी पाखरें मोजून घेण्याचें काम त्यांच्याकडेच. पारध्यानें सात जोड्या आणल्या. उरलेल्या पांचांसाठीं हाका घालावा असें ठरलें. वीस माणसें एका ओळींत उभीं राहून सकाळच्या प्रहरीं, आंब असतांना, घांट्यावर आलेल्या हरभऱ्यांतून चाललीं. शेताचा धनी धुऱ्यावर उभा राहून पाहत होता. तो कांहीं बोलला नाहीं.

साहेब भला माणूस होता. पाखरांचे पैसे त्यानें पारध्याच्या हातावर स्वतः ठेवविले. मध्यें कोणास हात घालूं दिला नाहीं. आजोबांनीं बिल तयार केलें. कोंबड्यांस रकाना होता, अंड्यांस होता, कडब्यास होता, सरपणास होता. तुडविलेल्या हरभऱ्यास रकाना नव्हता. तेव्हां तें नुकसान कागदोपत्रीं झालेंच नाहीं. त्या रात्रीं मुक्कामावर बाजा वाजला, दिवे लागले, लोण्यांत भाजणाऱ्या पाखरांचा वास गांवापर्यंत आला. आजोबा म्हणत, "मी पंचवीस वर्षें दप्तर लिहिलें, पण जें लिहिलें नाहीं तेंच ध्यानांत राहिलें."

आमची स्वतःची चूक

दुसऱ्याचा हिशेब मांडणाऱ्यानें आपलाही मांडावा. वीसएक वर्षांपूर्वीं आम्ही नोकरींत असतांना डिसेंबरअखेर एका शेतावर कचेरींतल्या मंडळींची मेजवानी ठरली. वरिष्ठांनीं सहज म्हटलें, "तित्तर असते तर बहार होती." हुकूम नव्हता, यादी नव्हती. आम्हींच उठून एका ओळखीच्या माणसास शब्द टाकला. आठ तित्तर आले. आम्ही खाणारे असल्यामुळें चवीनें खाल्ले. सकाळीं तो मनुष्य हंसत म्हणाला, "साहेब, दूर जावें लागलें नाहीं; तुमच्याच धुऱ्यावर फांस लावला होता."

त्या धुऱ्यावर रोज पहाटे 'क-तीतर, क-तीतर' अशी हांक उठे. ती पुढें दोन वर्षें उठली नाहीं. त्यामुळें आमच्या शेतांत वाळवी वाढली असें आम्ही म्हणणार नाहीं. तसा पुरावा आमच्यापाशीं नाहीं. परंतु आजोबांस जें हुकमानें करावें लागलें तें आम्हीं खुशीनें केलें, एवढें मात्र खरें. आणि तुडविला गेलेला हरभरा या खेपेस आमचा होता.

तित्तर हा शेतकऱ्याचा बिनपगारी गडी आहे. वाळवी, नाकतोडे, किडे आणि तणाचें बीं हें त्याचें खाद्य. पेरणीच्या वेळीं तो चार दाणे उकरतो, सांडलेलें धान्य टिपतो, हेंही लपवूं नये. परंतु गड्यास भाकर द्यावीच लागते. त्याच्या कामास सातबाऱ्यावर रकाना नाहीं म्हणून तें काम होत नाहीं असें समजणें म्हणजे जुन्या बिलाचीच चूक पुन्हां करणें होय.

कायदा काय म्हणतो

रानपाखरांविषयीं पहिला कायदा १८८७ त व दुसरा १९१२ त झाला. १९१२ च्या कायद्याच्या यादींत माळढोक, तणमोर, तित्तर, लावे, पखुर्ड्या, मोर, रानकोंबडे हे सर्व होते; त्यांच्या विणीच्या काळांत शिकार बंद ठेवण्याचा अधिकार प्रांतिक सरकारास दिला होता. म्हणजे कांहीं महिने राखण, पुढें बंदूक मोकळी. १९६३ त मोर राष्ट्रीय पक्षी झाला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें चित्र पालटलें. आणि २०२२ च्या दुरुस्तीनें, जी १ एप्रिल २०२३ पासून अंमलांत आली, शिक्षा वाढली. मोर, माळढोक व तणमोर पहिल्या अनुसूचींत आहेत. त्यांच्याबाबत गुन्ह्यास तीन ते सात वर्षें कैद व किमान २५ हजार रुपये दंड. राखी तित्तर दुसऱ्या अनुसूचींत आहे. तेथें तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पाहुण्यानें आग्रह केला हा बचाव चालत नाहीं. पाहुणा दोन जानेवारीस शहरांत परततो; शेत आणि पंचनामा गांवांतच राहतो.

फासेपारध्यावर सारा दोष ढकलून मोकळें होणें हेंही न्यायाचें नाहीं. तो फांस लावी, पण मागणी आपली किंवा साहेबाची असे. शेजारच्या अकोला-वाशीम जिल्ह्यांत याच समाजांतील कांहीं मंडळी आतां गवताळ माळांची व तणमोरांची राखण करीत आहेत. पाखरांची खूण ओळखणारे डोळे तेच; काम मात्र बदललें.

मग पाहुण्यास काय वाढावें?

ज्यास पाखराची आवड आहे त्यानें पाळीव जपानी बटेर घ्यावे. ही जात १९७४ त आपल्या देशांत आणली गेली व पुढें इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेंत तिच्यावर काम झालें. अंडें १७-१८ दिवसांत उबतें. पक्षी पांच आठवड्यांत सुमारें दोनशे ग्रॅमचा होतो. सहा-सात आठवड्यांत मादी अंडीं देऊं लागते. थोड्या जागेंत निघणारा हा जोडधंदा आहे. मात्र पिलें खात्रीच्या ठिकाणाहून घ्यावीं व पावती जपून ठेवावी. कारण रानांतला लावा व पाळीव बटेर दिसण्यांत बरेच जवळचे आहेत.

करण्याची रीत, खानसाम्याच्या मार्गानें, पण आपल्या घरच्या जिनसांनीं, अशी: चार बटेर कातड्यासह स्वच्छ करावे. मीठ, मिरपूड व लिंबू चोळून दोन तास ठेवावे. प्रत्येकाच्या पोटांत लोण्याचा सुपारीएवढा गोळा व लसणाची एक पाकळी घालावी. वरून तूप चोपडून केळीच्या पानांत गुंडाळून सुतानें बांधावे. जाड बुडाच्या पातेल्यांत ठेवून खालीं-वर निखारे द्यावे. वीस मिनिटांनीं पान सोडून, आणखी पांच-सात मिनिटें तूप सोडीत तांबूस होऊं द्यावे. पांढऱ्या चटणींत पावाऐवजीं आम्ही शिळ्या ज्वारीच्या भाकरीचा बारीक चुरा घालतों. ती तितकीच दाट होते. बाजूस अंबाडीच्या बोंडांचा मुरंबा ठेवावा. गेल्या वर्षीं आमच्याकडे आलेल्या पाहुण्यांनीं ताट चाटून पुसून साफ केलें व तित्तराचें नांव काढलें नाहीं.

जाता जातां शेताविषयीं तीन सूचना. उन्हाळ्यांत धुरे सरसकट पेटवूं नयेत. तित्तराची वीण त्याच दिवसांत असते व घरटें जमिनीवर असतें. निदान एका बाजूचें गवत पावसाळा संपेपर्यंत राखावें. औषध लावलेलें बियाणें मातीनें नीट झांकावें, उघडें सांडूं नये. आणि आपल्या धुऱ्यावर फांस दिसला तर तो आपण होऊन काढावा. 'मला काय त्याचें' म्हणूं नये.

यंदा नाताळांत कोणी विचारील, "पाटील, तित्तर मिळतील का?" तर त्यास पहाटे सहाला धुऱ्यावर न्यावें आणि सांगावें, "मिळतील, पण ऐकायला." आमच्या धुऱ्यावर तिसऱ्या वर्षीं हांक पुन्हां उठली. आज सकाळीं दोन ऐकल्या. आमच्या वहींत त्यांचा रकाना आम्हीं पाडला आहे.